खांद्यावरची रुई

अक्का,

तुला 'तू' म्हणते आहे. आपले सासरे, मामा, बाहेर ओसरीवर बसलेत. त्यांनी हे ऐकलं तर म्हणतील, थोरल्या जावेला अरेतुरे करती, हिला वळण न्हाय. पण आपल्या दोघींत तोंडानं 'तुम्ही' आणि हातानं 'तू' असंच चाललं होतं. हातांच्या बोलीत 'तुम्ही' नव्हतंच. कापसाच्या जिनमध्ये एवढी सवड कुणाला होती? बोट दाखवलं की झालं, मग समोर मैत्रीण असो नाहीतर थोरामोठ्यांची सून.

काल तुला मूठमाती दिली. आज सकाळपासून बायका येतायत, माझ्या गळ्यात पडून रडतायत, "जाऊ न्हवं, भैनच व्हती की गं तुझी" म्हणतायत. मी त्यांच्याशी तोंडानं बोलते आणि माझे हात मांडीवर पडून राहतात. समोर बोलणारं कुणी नसलं की हात इतके जड होतात हे मला माहीत नव्हतं. म्हणून लिहायला बसले. चौथीपर्यंतचं शिक्षण या घरात कधी कामाला आलं नाही, आज येऊ दे.

जिनच्या शेडमध्ये आता खताची पोती आहेत आणि आवारात ट्रक उभे असतात. उमरग्याला नवीन आलेल्या माणसाला सांगितलं की इथं कापूस यायचा, त्यातून सरकी निघायची, गासड्या बांधल्या जायच्या, तर तो खताच्या वासानं नाक धरून म्हणेल, असेल बाई. तो आवाज मात्र माझ्या दातांत अजून आहे. समोरासमोर दोन रांगांत मशिनी, वर छताखाली एकच लांब दांडा गरगर फिरणारा, त्यावरून प्रत्येक मशिनीला एकेक पट्टा. इंजिन सुरू झालं की पत्रा थरथरायचा, जमीन थरथरायची, तोंडातली बडीशेपसुद्धा थरथरायची. पहिल्या दिवशी मी ओरडून ओरडून बोलले. संध्याकाळी आईनं विचारलं, कसं व्हतं गं काम, तर माझ्या घशातून नुसती हवा आली. आईला वाटलं, कुणीतरी दम भरला म्हणून पोरगी मुकी झाली. ती पदर खोचून मुकादमाला जाब विचारायला निघाली होती.

दुसऱ्या दिवशी समोरच्या मशिनीवरून तू माझ्याकडं पाहिलंस. आधी तोंडाकडं बोट केलंस आणि हात हलवलास, म्हणजे हे इथं चालत नाही. मग दोन्ही पंजे वर करून दाखवलेस. ती माझी पहिली शिकवणी.

कुणी बनवली ती बोली? आपल्या आधीच्या बायकांनी, त्यांच्याही आधीच्या बायकांनी. तुझं म्हणणं होतं की अर्धीअधिक तूच बनवलीस, पण तुझ्या फुशारक्या मला ठाऊक आहेत. मुकादमाच्या डाव्या भुवईला कायम रुई चिकटलेली असायची, म्हणून भुवईवर बोट फिरवलं की तो येतोय असं समजायचं. कामाची पाळी सुटली की सगळ्याजणी आधी खांद्यावरची रुई झटकायच्या, तेव्हा खांदा झटकला की 'सुटलीस, जा'. तोच खांदा नुसता थोपटला तर 'थांब, मी आहे'. आणि मला सगळ्यांत आवडायची ती खोटेपणाची खूण. ओठावर बसलेली रुई चिमटीत धरायची आणि फुंकरीनं उडवून द्यायची. एकदा मुकादमानं पट्टे थांबवून सगळ्यांना सांगितलं, पुढच्या सुगीला शेटजी नव्या मशिनी आणणार हायत. त्याची पाठ फिरली तशी आपल्या अख्ख्या रांगेनं ओठावरची रुई काढून उडवली. तो वळून बघतो तर सगळ्या बाया एकदम तोंड पुसतायत.

तुझं माहेर कानडी मुलखातलं. मराठी बोलताना तू बैल आली म्हणायचीस आणि म्हैस आला म्हणायचीस, आणि आम्ही हसलो की तुझं तोंड एवढंसं व्हायचं. हातांत ती भानगड नव्हती. हातांनी तू कुणाचीही नक्कल करायचीस, कुणाशीही भांडायचीस. तुझं खरं बोलणं मी आधी हातांतच पाहिलं. तोंडानं बोलणारी तू मला नंतर भेटलीस, आणि ती बाई जरा घाबरटच निघाली.

तू जिनमध्ये यायचीस हेच मुळात नवल होतं. मामांचं कापडाचं दुकान होतं. पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत ते बसलं आणि घरात चूल पेटायची पंचाईत झाली. बायांचीच शेड, चार भिंतींच्या आत, म्हणून मामांनी मन मारून तुला धाडलं. पण 'जिन' हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. 'तिकडं' म्हणायचे. थोरली तिकडं गेली का, थोरली तिकडून आली का. कुणी पाहुणा असला तर सून मळ्यात गेलीय असं सांगायचे. मळा तेव्हा घरात कुणाचाच नव्हता.

एकदा दुपारी भाकरी खायला आपण लिंबाखाली बसलो होतो. इंजिन बंद होतं, सगळीकडं शांत होतं. तू भाकरीचा तुकडा हातात धरून म्हणालीस, "शांते, हितं येवढा आवाज हाय, पर म्या दिसभर बोलती. घरात चिडीचूप हाय, आन् तितं येक अक्षर बोलाया न्हाय." मी म्हणाले, मग भांडा ना घरात. तू म्हणालीस, "कुनासंगं? भिंतीसंगं?" आणि परत भाकरी खायला लागलीस. मला ते तेव्हा फारसं कळलं नव्हतं.

मग ते दिवस आले. शेटजींनी जिन मोडायची ठरवली हे आपल्याला मुकादमाकडून नाही, कापसाच्या गाड्यांकडून कळलं. त्या यायच्याच थांबल्या. तोवर मामांचं दुकान हमरस्त्यावर पुन्हा उभं राहिलं होतं, किराण्याचं. तुझे मालक, थोरले, गादीवर बसायला लागले होते. जिन बंद झाली की तुला 'तिकडं' जायचं काहीच कारण उरणार नव्हतं. हे मी आज लिहिते. तेव्हा मला माझीच काळजी होती.

शेवटच्या दिवशी माझी सोलापूरची मावशी अचानक गेटावर येऊन उभी राहिली. गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या खात्यात बायका घेत होते. तिनं माझ्यासाठी शब्द टाकला होता आणि परतीच्या मोटारीनं मला घेऊनच जाणार होती. गोदामातला उरलासुरला कापूस त्याच दिवशी संपवायचा होता, म्हणून मुकादमानं जेवणाची सुट्टीसुद्धा दिली नव्हती. मशीन सोडून तुझ्यापाशी यायची सोय नव्हती. आईनं सांगून टाकलं होतं, तुझं तू ठरीव.

आणि मी तुला विचारलं. गेटाकडं बोट केलं, गाठोड्याचा आकार केला, लांब जायचं म्हणून हात पार पसरला, मग छातीवर बोट ठेवून मान वाकडी केली. जाऊ?

तो कापूस जुना होता, धुळीनं भरलेला. शेडमध्ये इतकी रुई उडत होती की तू मला दुधात बुडवल्यासारखी दिसत होतीस. तू एकदा गेटाकडं बघितलंस. मग तुझा हात खांद्याकडं गेला.

मला थोपटलेला दिसला.

मी गेटाशी गेले. "मावशे, तू जा. म्या मागनं येती." मावशीनं कपाळाला हात लावला. "मागनं म्हंजी कवा गं? गिरनीवाले थांबत्यात व्हय तुज्यासाटी?" ती चिडून मोटारीकडं गेली, एकदाही मागं न बघता. मी परत मशिनीपाशी आले. थोड्या वेळानं कापूस संपला आणि इंजिन थांबलं. तुला आठवतं, कुणीच तोंड उघडलं नाही. सगळ्या बाया तशाच हातांनी बोलत राहिल्या. मुकादम म्हणाला, अगं बायांनो, आता बोला की, बंद झालंय. त्यावर कुणीतरी रडायला लागलं आणि मग सगळ्यांनाच आवाज फुटला.

पुढची सुगी यायच्या आत तू तुझ्या धाकट्या दिराचं स्थळ घेऊन आमच्या घरी आलीस. सोलापूर-हैद्राबाद रस्त्यावर ट्रक चालवतो, निर्व्यसनी आहे, घरात कमीच असतो. हे शेवटचं तू गुण म्हणून सांगितलंस. आईला हसू आलं. मला तर नवऱ्यापेक्षा जाऊच जास्त आवडली होती. मी हो म्हणाले.

या घराचं दार रस्त्याकडं उघडतं हे मला लग्नात कळलं, त्यानंतर ते आपल्यासाठी कधी उघडलं नाही. माजघरातून परसात, परसातून माजघरात. मामा दिवसभर ओसरीवर. ते ऐकतील एवढ्या आवाजात सुनांनी बोलायचं नाही, आणि त्यांचे कान असे की परसातली पाल चुकचुकली तरी विचारायचे, कोन हाय? पहिल्या दिवशी मी चुलीपाशी हमसून रडत होते. तू दाराआडून माझ्याकडं बघितलंस आणि भुवईवर बोट फिरवलंस. मामा येतायत! मुकादमाची खूण मामांना लावलेली पाहून मला रडता रडता असं हसू फुटलं की पदर तोंडात कोंबावा लागला.

त्या दिवसापासून या घरात जिन पुन्हा सुरू झाली. इंजिन नाही, आवाज नाही, नुसत्या समोरासमोर दोन बाया. पाहुणे जेवायला बसले की तू माजघराच्या एका कोपऱ्यात आणि मी दुसऱ्या. पाहुणा म्हणाला, पोट भरलं, की तुझी चिमूट ओठाकडं जायची. तो खरंच आणखी दोन भाकऱ्या खायचा. मामांना आपल्या हातांची ती वळवळ दिसायची, पण कळायची नाही. शेवटी एक दिवस ते थोरल्यांना म्हणाले, "सुनांना खरूज झालीया. सारख्या खांदा चोळत्यात, तोंड खाजिवत्यात." संध्याकाळी घरात लिंबाच्या पाल्याचा भारा येऊन पडला. आपण दोघींनी आठवडाभर कडू पाण्यानं अंघोळी केल्या आणि अंघोळ करताना खरजेवर केवढं बोललो.

हे सगळं आठवून मी तुझे उपकार मानायला बसते आणि तेवढ्यात मला राग येतो. कारण याच घरात आपलं ते भांडणही सुरू झालं. पहिल्यांदा मी सहज म्हणाले होते, ज्वारी निवडताना, की तू त्या दिवशी थांब म्हणालीस म्हणून, नाहीतर आज मी सोलापुरात कांड्या भरत असते. तुझे हात सुपात थांबले.

"म्या कवा थांब म्हनली? म्या जा म्हनली. झटाकली व्हती म्या."

"थोपटलं होतं तुम्ही."

"झटाकली! तुज्या डोळ्यांत रुई."

ते भांडण कधी संपलंच नाही. बाळंतपणं झाली, घराचा पत्रा बदलला, थोरल्यांनी दुकानात रेडिओ आणला, आणि आपलं चालूच. तू झटकलं होतं म्हणायचीस, मी थोपटलं होतं म्हणायचे. कधी गमतीत, कधी असं की दोन दोन दिवस आपण हातांनीही बोलत नव्हतो. एकदा मामा जत्रेला तुळजापूरला गेले होते, तेव्हा तर तू हद्दच केलीस. मला परसाच्या त्या टोकाला उभं केलंस, पोरांना हाताशी धरून चाळणीनं कोंडा उडवायला लावलास, आणि त्या कोंड्यातून खांद्याला हात लावून ओरडलीस, "आता सांग, काय केली म्या?" मी म्हणाले, थोपटलं. तू म्हणालीस, "बगा! आंदळी हाय ही! झटाकली म्या!" पोरं कोंड्यानं पांढरी झाली होती आणि खदाखदा हसत होती. आपणही हसलो. पण भांडी घासताना मी तुला विचारलं होतं, खरं सांगा अक्का. तू म्हणालीस, "साकु." पुरे. कानडी तू एरवी माझ्याशी बोलायची नाहीस. ते 'साकु' मला टोचलं होतं.

मला खरं का हवं होतं, हे तुला कळत होतं का? तू झटकलं असशील तर चूक माझ्या डोळ्यांची. मग या भिंती, हे बंद दार, ओसरीवरचं खाकरणं, सगळं मी माझ्या हातानं ओढवून घेतलं. आणि तू थोपटलं असशील तर मला तू इथं आणलंस. जाणूनबुजून, स्वतःच्या सोबतीसाठी. दोन्हींतलं कुठलंही एक घेऊन मी जगले असते गं. एक दिवस हे आणि एक दिवस ते, यानं मी दमले.

आणि त्यातच आई गेली तो दिवस. घरात पाहुणे होते, मामांनी सांगितलं, मोठ्यानं रडायचं न्हाय, रडायचं काय ते सांजच्याला, पाव्हनं गेल्यावर. मी दिवसभर पोळ्या लाटत राहिले. तू समोर भाजत होतीस. मी मान वर केली की प्रत्येक वेळी तुझा पिठाचा हात खांद्यावर. थोपटत होतीस. थांब, मी आहे. संध्याकाळपर्यंत तुझ्या लुगड्याचा खांदा पार पांढरा झाला होता. त्या दिवशी मी ठरवलं होतं की हिच्याशी पुन्हा भांडायचं नाही. पुढच्याच आठवड्यात भांडले.

तुझा खोकला जिनमध्येच सुरू झाला होता. तिथं सगळ्याच खोकायच्या. सोमवारी, सुट्टीनंतर, जास्त. पण इतरांचा गेला आणि तुझा राहिला. आधी पायऱ्या चढताना, मग भाकरी थापताना, मग बसल्या जागी. शेवटी थोरल्यांनी तुला दवाखान्यात नेलं, सोबत मामा आणि तुला धरायला मी. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि विचारलं, बाई काही काम करत होत्या का? धुळीचं, कापसाचं?

मामा म्हणाले, "छे हो. घरातल्या बाया. काम कसलं?"

डॉक्टरांनी मान डोलावली. तू खाली बघत होतीस. मग तुझा हात हळूच वर गेला, ओठावरून तू काहीतरी चिमटीत धरलंस आणि फुंकायला गेलीस. दम नव्हता. रुई उडाली नाही. मी बघितलं आणि मला तिथं ओरडावंसं वाटलं की डॉक्टर, हिनं केवढ्या गासड्यांची रुई काढलीय, तुमच्या अंगावरच्या सदऱ्यालाही हिचा हात लागला असेल. पण मामांपुढं ओरडायला मला आवाज कुठं होता.

परवा दुपारी तुझं तोंडाचं बोलणं संपलं. आडवी झालीस की जीव घाबरायचा, म्हणून मी मागं बसून तुला धरलं होतं. तुझी पाठ माझ्या छातीला, माझे दोन्ही हात तुझ्या काखांतून पुढं. सोडलं असतं तर तू कोसळली असतीस. खोलीत मामा, थोरले, ट्रक सोडून धावत आलेले हे, आणि लिंगायतांच्या रीतीनं बोलावलेले स्वामी. सगळे तुझ्या तोंडाकडं बघत होते. तू हातांनी बोलायला लागलीस.

मी मागून, तुझ्या खांद्यावरून वाचत होते. आधी तू दोन्ही हातांनी कापूस सारलास, मशिनीत सारायचो तसा. म्हणजे जिन. मग गेटाकडं बोट, गाठोडं, लांब पसरलेला हात. ती माझी खूण होती, माझ्याच शब्दांत तू मला सांगत होतीस. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलंस आणि खांदा थोपटलास. एकदा, परत एकदा, सावकाश, पहिलीच्या पोरीला अक्षर गिरवून दाखवावं तसा. आणि मग चिमूट ओठाकडं. इतकी वर्षं खोटं बोलले.

थोरले म्हणाले, "काय म्हनती ही?"

मामा म्हणाले, "पानी मागत आसंल."

तुझा हात चाचपडत वर आला, मागं वळला, माझ्या खांद्याशी पोचला. माझा खांदा तू झटकलास. तिथं काहीच नव्हतं, तरी झटकलास. जा.

आणि माझे हात अडकले होते, अक्का. एवढं सगळं तू बोललीस आणि मला उत्तर द्यायला हात मोकळा नव्हता. तोंडानं बोलले असते तर खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं असतं आणि त्यातलं मर्म कुणाला कळलं नसतं, आणि तुझं गुपित मात्र उघड्यावर पडलं असतं. मी फक्त तुला आणखी घट्ट धरलं. ते तू काय म्हणून वाचलंस? राग म्हणून की माफी म्हणून? मलाच सांगता येत नाही, तर तुला कसं कळावं. कुणीतरी पाजलेलं पाणी तुझ्या ओठांवरून खाली आलं. दिवस कलायच्या आत तू गेलीस.

काल सकाळी रीतीप्रमाणं तुला दारात बसवलं होतं. कपाळावर, खांद्यांवर विभूतीचे पट्टे. स्वामींनी तुझ्या डाव्या तळव्यावर इष्टलिंग ठेवलं आणि बोटं मिटवली. तेव्हा मला हुंदका आला. सगळ्यांना वाटलं, आता कळलं हिला. मला एवढंच दिसलं होतं की तुझे हात आता बोलणार नाहीत. या घराचं दार तुझ्यासाठी पुरं उघडलं होतं, आणि तू त्यात रस्त्याकडं तोंड करून बसली होतीस. पाया पडायला माझी पाळी आली. मी वाकले आणि उठताना तुझा खांदा झटकला. पाळी सुटली, जा. मामा मागून म्हणाले, "आगं इभूत पुसती का काय? ऱ्हाऊ दे." मी हात मागं घेतला.

आज मघाशी मी चहा ठेवत होते. ओसरीवर खाकरल्याचा आवाज आला, आणि माझा हात आपोआप भुवईकडं गेला. मामा येतायत. समोर तुझा पाट भिंतीला टेकून उभा होता. हात तसाच भुवईवर राहिला आणि मामा दारात येऊन उभे राहिले. मला म्हणाले, "डोळ्यांत काय गेलं गं?"

मी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "रुई, मामा. जिनमधली."

एवढ्या वर्षांत त्यांच्याशी डोळ्याला डोळा देऊन बोललेला हा माझा पहिला शब्द. ते नुसते तुझ्या पाटाकडं बघत राहिले. मग "चा व्हऊ दे" म्हणून परत गेले. त्यांची पाठ मला काल होती त्यापेक्षा वाकलेली वाटली, पण कीव आली नाही. येईल कदाचित नंतर.

आता हात मोकळे आहेत. उत्तर देते.

तू थोपटलंस हे मला त्या दिवशीच दिसलं होतं. रुई कितीही असो, तुझा हात मी ओळखत नव्हते का? तू झटकलं म्हणत राहिलीस आणि मी विचारत राहिले, कारण तुझ्या तोंडून ते ऐकायचं होतं. मला तू हवी होतीस, असं. एवढंच म्हणाली असतीस तर भांडण त्याच दिवशी, ज्वारीच्या सुपात मिटलं असतं. आणि दुसरंही सांगते. ज्याला खरंच जायचं असतं तो मशिनीवरून विचारत बसत नाही. तो खांदा झटकतो आणि जातो. मी विचारलं, कारण मला थांब ऐकायचं होतं. तू थोपटलं नसतंस तरी मी आणखी एकदा विचारलं असतं. तेव्हा तू मला कोंडलंस हे ओझं घेऊन गेली असशील तर ते खाली ठेव. आपण दोघींनी मिळून आतून कडी लावली होती.

राग आहे. तो राहील. एवढी वर्षं खोटं बोललीस याचा राग आहे, आणि शेवटी खरं बोललीस याचा त्याहून जास्त आहे. कारण खोटं बोलत होतीस तोवर तू इथं होतीस.

आणि तू म्हणालीस, जा. या वेळी मला स्वच्छ दिसलं, मधे रुईचा कण नव्हता. पण मावशीला जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली, अक्का. गेटावर कुणी उभं नाही.